घड्याळजीचा मुलगा आणि ‘थ्री नॉट थ्री’

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत बंदुका बनवणाऱ्या एका परदेशी कारागिराचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. आमच्याही मनात तो आला होता. पण बेळगावसारख्या लष्करी छावणीच्या गावात वाढलेल्यांना ‘थ्री नॉट थ्री’ हा शब्द परका नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ पासून या गावात आहे. शाळा-कॉलेजात एनसीसीला गेलेल्या आमच्या पिढीने परेडच्या मैदानावर जी जुनी, निकामी करून कवायतीपुरती ठेवलेली रायफल खांद्यावर घेतली, ती हीच. सुमारे चार किलोचे ते वजन सकाळच्या कवायतीत तासाभराने दहा किलोंचे वाटू लागे. तिची काळसर लाकडी दस्त्याची, आखूड तोंडाची आकृती डोळ्यांसमोरून अजून हलत नाही. गावाकडच्या पोलीस चौकीत, बँकेच्या दारात, होमगार्डच्या संचलनात ती दिसायचीच.

रायफल सर्वांना माहीत. तिचे पूर्ण नाव ‘ली-एनफिल्ड’, हेही पुष्कळांना माहीत. मात्र त्या नावातला ‘ली’ कोण, हे फारसे कोणी विचारत नाही. आम्हीही कित्येक वर्षे विचारले नव्हते. विचारले तेव्हा हाती लागली ती एका घड्याळजीच्या मुलाची गोष्ट. ती या अंकाच्या वाचकांपुढे ठेवावी, असे आम्हाला वाटले.

जेम्स पॅरिस ली यांचा जन्म ९ ऑगस्ट १८३१ रोजी स्कॉटलंडमधील हॉविक या गावी झाला. वडील जॉर्ज ली हे घड्याळे आणि दागिने दुरुस्त करणारे कारागीर. जेम्स पाच वर्षांचा असताना हे कुटुंब अटलांटिक ओलांडून कॅनडात आले आणि ओंटॅरिओ प्रांतातील गाल्ट या गावी स्थायिक झाले. नव्या देशात वडिलांनी पुन्हा तेच दुकान मांडले. घड्याळजीच्या दुकानात मुलाचे जे शिक्षण होते ते शाळेत होत नाही. केसाएवढी कमान, नखाएवढे चाक, एक दाता चुकला तर सगळे यंत्र बंद. हाताला सूक्ष्म मापाची सवय लागते आणि डोळ्याला एक प्रश्न विचारायची सवय लागते: हा भाग हलला की पुढचा कोणता हलेल?

बारा वर्षांच्या जेम्सने वडिलांचे एक जुने पिस्तूल घेतले, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता स्वतः कोरून त्याला बसवला आणि आपली पहिली बंदूक तयार केली. ती काही नीट चालली नाही. पण त्या फसलेल्या खटाटोपातून मुलाला जे वेड लागले ते आयुष्यभर सुटले नाही. पुढे तो वडिलांच्या हाताखाली आणि मग टोरांटोला रीतसर घड्याळाचा धंदा शिकला. १८५० च्या सुमारास चॅटम या गावी त्याने स्वतःचे दुकान थाटले. तिथेच कॅरोलाइन क्रायस्लर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दोन मुलगे झाले. १८५० चे दशक संपता संपता हे कुटुंब अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात गेले. दुकानाच्या पाटीवर घड्याळे होती, पण रात्री दुकानाच्या मागच्या खोलीत काम चाले ते बंदुकांचे.

तो काळ कसा होता हे लक्षात घेतले पाहिजे. त्या वेळच्या बहुतेक लष्करी बंदुका ठासणीच्या होत्या. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वरून गोळी सारायची, गजाने ठासायची, मागे टोपी बसवायची आणि मग चाप ओढायचा. उत्तम शिपायाच्या हातूनही मिनिटाला तीनच बार निघत. शिवाय ठासण्यासाठी उभे राहावे लागे आणि उभा राहिलेला शिपाई शत्रूला नेम धरायला सोपा. आपल्याकडे १८५७ मध्ये ज्या काडतुसांवरून वणवा पेटला तीही अशाच ठासणीच्या, १८५३ सालच्या नमुन्याच्या एनफिल्ड रायफलची होती. काडतुसाचा चरबी लावलेला कागद दातांनी फाडावा लागे. ती बंदूक मागच्या बाजूने भरता येत असती, तर तो कागद दातांत धरण्याची वेळच आली नसती. १८५७ ची कारणे एका काडतुसापुरती नव्हती हे उघड आहे. तरीही ग्वाल्हेर-झाशीच्या बाजूच्या वाचकांना ‘एनफिल्ड’ या नावाची पहिली ओळख कुठून झाली हे सांगायला नको. एनफिल्ड हे लंडनच्या उत्तरेकडचे गाव. तिथे ब्रिटिश सरकारचा शस्त्रांचा कारखाना होता. आपल्या रस्त्यांवर धडधडणाऱ्या ‘बुलेट’ मोटारसायकलचे ‘रॉयल एनफिल्ड’ हे नावही मुळात त्याच कारखान्याशी असलेल्या व्यवहारातून आले.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. ली यांनी ठासणीची स्प्रिंगफील्ड बंदूक मागून भरता येईल अशी एक युक्ती तयार केली. तिच्या जोरावर पुढे मिलवॉकी शहरात त्यांच्या नावाची कंपनी उभी राहिली आणि सरकारकडून १,००० कार्बाइनची मागणीही मिळाली. घड्याळजीचे नशीब उघडले असे वाटले. पण सरकारने मागितलेले नळीचे माप आणि तयार झालेल्या नळ्यांचे माप यांत फरक निघाला. सरकारने माल नाकारला. तोवर युद्धही संपले. केसाएवढ्या मापात ज्याचे आयुष्य गेले त्या माणसाचा पहिला मोठा व्यवहार मापावरूनच बुडावा, यापेक्षा कडू प्रसंग कोणता? भागीदारांचा पैसा गेला, कंपनी गुंडाळली गेली. ली तेव्हा पस्तिशीच्या आत-बाहेर होते, घरी बायको-मुले होती. दुसरा कोणी असता तर घड्याळांच्या दुकानात परतला असता आणि कोणी त्याला नावे ठेवली नसती.

ली परतले नाहीत. पुढची जवळजवळ पंधरा वर्षे त्यांनी एकामागून एक रचना करून पाहिल्या. इलियन येथील रेमिंग्टनच्या कारखान्यात त्यांना काम मिळाले. १८७५ च्या सुमारास अमेरिकन सरकारच्या स्प्रिंगफील्ड शस्त्रशाळेने त्यांच्या एका रचनेच्या शे-दीडशे रायफली चाचणीसाठी बनवल्या. तीही स्वीकारली गेली नाही. त्यांचा एक भाऊ ओंटॅरिओतील वॉलेसबर्ग येथे राहत असे. तिथेही ली यांनी आपले प्रयोग करून पाहिल्याची आठवण ते गाव आजही जपते.

या खटपटीतून शेवटी त्यांच्या हाती जे लागले ते दिसायला अगदी साधे आहे. आम्ही ते प्रथम समजून घेतले तेव्हा एवढेच का, असे वाटले होते. पण मोठे शोध पुष्कळदा असेच असतात.

प्रश्न असा होता: शिपायाने एकदा बंदूक भरली की लागोपाठ अनेक बार कसे काढता यावेत? काहींनी नळीखाली दुसरी लांब नळी बसवून तिच्यात काडतुसे एकामागे एक सारली. काहींनी ती दस्त्यात भरली. या पद्धतीत अडचणी होत्या. एका काडतुसाचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला, म्हणजे नेमके टोपीला टेकलेले असे. धक्का बसला तर आतल्या आत बार उडण्याची भीती. प्रत्येक बारागणिक बंदुकीचा तोल बदले, कारण पुढचे वजन कमी होत जाई. आणि नळी रिकामी झाली की एकेक काडतूस पुन्हा भरत बसावे लागे.

ली यांनी काडतुसे आडवी, एकावर एक रचली, जशी आपण डब्यात पोळ्या रचतो तशी. पत्र्याची एक छोटी डबी, तिच्या तळाशी कमान, कमानीवर एक पट्टी आणि पट्टीवर काडतुसांची चळत. ही डबी बोल्टच्या खाली, चापाच्या पुढे बसते. बोल्ट मागे ओढला की रिकामे टरफल बाहेर फेकले जाते आणि खालची कमान पुढचे काडतूस वर ढकलते. बोल्ट पुढे सारला की ते काडतूस नळीत जाते. डबी रिकामी झाली की काढायची आणि दुसरी लावायची. काडतुसाचे टोक कुणाच्या टोपीला लागत नाही, तोल ढळत नाही, मोडण्यासारखे फारसे काही नाही. ४ नोव्हेंबर १८७९ रोजी त्यांना या रचनेचे अमेरिकन पेटंट मिळाले. आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक लष्करी रायफलीखाली जी डबी लटकते तिच्या मुळाशी हीच कल्पना आहे. त्यात कमान आहे, माप आहे आणि एक भाग हलला की पुढचा आपोआप हलणे आहे. घड्याळाच्या दुकानातले शिक्षण वाया गेले नव्हते.

पण नशिबाने अजून पाठ सोडली नव्हती. ही रायफल बनवायला घेतलेली शार्प्स कंपनी १८८० च्या सुमारास काम अर्धवट टाकून बंद पडली. काम रेमिंग्टनकडे गेले. अमेरिकन नौदलाने थोड्या रायफली घेतल्या, चीनसारख्या देशांतही काही गेल्या. मग १८८६ मध्ये रेमिंग्टनचेच दिवाळे वाजले. ज्या झाडाला टेकावे ते झाडच पडावे, तशातली ही गत. ली तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते.

त्याच वर्षांत अटलांटिकच्या पलीकडे ब्रिटिश लष्कर नव्या रायफलीच्या शोधात होते. युरोपातले एकेक देश अनेक बारांच्या रायफली घेत होते आणि ब्रिटिश शिपायाच्या हातात मात्र एका वेळी एकच काडतूस घेणारी मार्टिनी-हेन्री होती. अनेक वर्षे अनेक नमुन्यांच्या चाचण्या चालल्या. त्यांत ली यांची रचना टिकली. २२ डिसेंबर १८८८ रोजी ब्रिटिश सरकारने ती स्वीकारली. बोल्ट आणि डबी ली यांची, नळीच्या आतले पीळदार खाचे विल्यम एलिस मेटफर्ड या इंग्रज अभियंत्याचे, म्हणून नाव पडले ली-मेटफर्ड. नळीचे माप .३०३ इंच. तीच ही ‘थ्री नॉट थ्री’. हे मेटफर्ड १८५७ मध्ये ईस्ट इंडियन रेल्वेच्या नोकरीवर बिहारमध्ये मुंगेर येथे होते. उठावाच्या धामधुमीत त्यांनी तिथल्या इंग्रजांच्या बचावाच्या कामात भाग घेतला आणि प्रकृती ढासळल्यामुळे ते पुढे मायदेशी परतले.

मेटफर्ड यांचे खाचे उथळ आणि गोलसर होते. जुन्या काळ्या दारूची काजळी त्यांत साचत नसे, म्हणून ते चांगले. पण लवकरच कॉर्डाइट ही नवी, धूर न करणारी आणि फार उष्ण जळणारी दारू आली. तिच्यापुढे हे उथळ खाचे लवकर झिजू लागले. एनफिल्डच्या कारखान्याने खोल, चौकोनी धारेचे पाच खाचे पाडून नवी नळी केली. १८९५ मध्ये नाव झाले ली-एनफिल्ड. भागीदार बदलला, ‘ली’ मात्र राहिले.

नोकरशाहीची एक गंमत इथे सांगण्यासारखी आहे. ज्या डबीसाठी ही रायफल घेतली ती शिपायाने सहसा वापरायचीच नाही, असा सुरुवातीचा दंडक होता. एकेक काडतूस हाताने भरून बार काढायचे आणि डबीतली काडतुसे आणीबाणीसाठी राखून ठेवायची. डबी आणि नळी यांच्यामध्ये आडवी सरकणारी एक पट्टी बसवली होती. डबी हरवू नये म्हणून ती साखळीने बंदुकीला बांधलेली असे. शिपाई उगाच काडतुसे उधळतील ही साहेबांची भीती. ही भीती दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाने घालवली. १८९९ ते १९०२ या काळात बोअर शेतकऱ्यांच्या हातात जर्मन माउझर रायफली होत्या. त्यांत पट्टीवर लावलेली पाच काडतुसे एका दाबात भरता येत. ब्रिटिशांनी त्यातून धडा घेतला. ली-एनफिल्ड आखूड केली, पायदळ आणि घोडदळ दोघांना एकच रायफल दिली आणि पट्टीवरून भरण्याची सोय केली. १९०२-०३ मध्ये ही आखूड रायफल आली आणि १९०७ मध्ये तिचा तिसरा नमुना. आमच्या खांद्यावर होती ती त्याच घराण्यातली.

या रायफलीचे गुण कशात आहेत? बहुतेक बोल्ट रायफलींत बोल्टला कुलूप लावणारे कान पुढच्या टोकाला असतात. ली यांनी ते मागे ठेवले. त्यामुळे पुढचा भाग मोकळा राहिला आणि बोल्टची ये-जा आखूड झाली. माउझरचा बोल्ट उघडायला काटकोनात फिरवावा लागतो, लींचा सुमारे साठ अंशांत उघडतो. बोल्टची मूठ बरोबर हाताच्या टप्प्यात येते. दहा काडतुसांची डबी, ही त्या काळच्या बहुतेक लष्करी रायफलींच्या दुप्पट. मागे कान असल्याने पोलाद किंचित लवचिक राहते आणि फार जोरकस काडतुसाला ही रचना माउझरइतकी ताठ उभी राहत नाही, हा दोषही जाणकार सांगतात. पण चिखलात, वाळूत, थंडीत ती चालत राहते. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या ब्रिटिश शिपायाकडून मिनिटाला पंधरा नेमके बार ३०० यार्डांवर काढण्याची अपेक्षा असे आणि ती पुरी होत असे.

ली यांनी हे सगळे पाहिले नाही. अमेरिकन नौदलासाठी त्यांनी बोल्ट न फिरवता सरळ ओढायची, सहा मिलिमीटरची आणखी एक रायफल केली. ती १८९५ मध्ये स्वीकारली गेली आणि थोड्याच वर्षांत मागे पडली. २४ फेब्रुवारी १९०४ रोजी कनेटिकट राज्यातील शॉर्ट बीच येथे, वयाच्या बहात्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले. ज्या देशात जन्मले तो एक, जिथे वाढले तो दुसरा, जिथे राबले तो तिसरा. आणि त्यांचे नाव अमर केले ते एका साम्राज्याने, ज्याच्या सैन्यात ते कधी नव्हते.

त्या साम्राज्यामुळेच त्यांची गोष्ट आपल्या अंगणात येते. १८५७ नंतर हिंदी पलटणींना गोऱ्या शिपायांपेक्षा एक पिढी जुनी शस्त्रे द्यायची, हे धोरण इंग्रजांनी ठेवले. गोऱ्यांच्या हाती ली-मेटफर्ड आली तेव्हा आपल्या शिपायांकडे मार्टिनी-हेन्री होती. सामान्य माणसाला तर १८७८ च्या कायद्यानंतर परवान्याशिवाय हत्यार बाळगणेच बंद झाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदी पलटणींना .३०३ मिळाली आणि मग आपल्या माणसांनी ती जगभर वाहिली. १९१५-१६ मध्ये मेसोपोटेमियात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या. उपासमार झाली, २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली आणि कैदेत असंख्य जण गेले. कोकण, सातारा, बेळगाव भागातल्या किती घरांतला मुलगा परत आला नाही, हे त्या घरांनाच ठाऊक. पुढे दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेत आणि इटलीत मराठा पलटणींनी जो पराक्रम केला त्या वेळीही बहुतेक जवानांच्या हातात हीच रायफल होती.

आणि १३ एप्रिल १९१९ रोजी अमृतसरला जालियनवाला बागेत ज्या १,६५० गोळ्या झाडल्या गेल्या त्याही .३०३ च्याच. निःशस्त्र माणसे, बंद वाटा आणि न अडखळता चालणारा बोल्ट. लींच्या रचनेचा जो गुण कुतच्या खंदकात आमच्या शिपायाला आधार वाटला असेल, तोच त्या दिवशी बागेत काळ ठरला. ली तेव्हा हयात नव्हते. पण हे चरित्र लिहिताना हा प्रसंग गाळावा असे आम्हाला वाटले नाही. कारागिराचा गौरव करायचा तर त्याच्या वस्तूने काय केले तेही सांगितले पाहिजे. घड्याळ कुणाच्याही हाती गेले तरी वेळच सांगते. बंदुकीचे तसे नाही.

१९०४ मध्ये, म्हणजे ली गेले त्याच वर्षी, बंगालमध्ये हुगळीकाठी ईशापूर येथे रायफलींचा कारखाना स्थापन झाला. पुढे तिथे ही रायफल बनू लागली आणि स्वातंत्र्यानंतरही बनत राहिली. १९६० च्या दशकात ईशापूरने हीच रचना नव्या ७.६२ मिलिमीटर काडतुसासाठी बेतली. त्या मूळच्या घडणीची ही अखेरची मोठी आवृत्ती आपल्या देशात झाली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर अतिरेक्यांच्या स्वयंचलित बंदुकांना सामोरे गेलेल्या पोलिसांच्या हातीही .३०३ होती. त्या पोलिसांच्या धैर्याला नमस्कार करताना, शंभर वर्षांपूर्वीची रायफल त्यांच्या हाती का होती हा प्रश्न तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने विचारला आणि तो योग्यच होता. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताकदिनी तिला संचलनात निरोप दिला.

ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अमेरिका या देशांत मात्र तिला दुसरे आयुष्य मिळाले आहे. तिथे कायद्याच्या चौकटीत जुन्या रायफली जमवणारे हौशी लोक आहेत. त्यांची पारख आपल्याकडच्या जुन्या नाण्यांच्या संग्राहकांसारखी असते. दस्ता जिथे पोलादाला मिळतो तिथल्या कड्यावर राजमुकुट, राजाची आद्याक्षरे, कारखाना, साल आणि नमुना कोरलेला असतो. तो शिक्का वाचून ते रायफलीची जन्मपत्रिका मांडतात. बोल्टवरचा आणि अंगावरचा क्रमांक जुळतो का हे आधी पाहतात, कारण जुळणी बोल्टच्या मापावर अवलंबून असते. युद्धानंतर स्वस्तात विकल्या गेलेल्या हजारो रायफलींचे लाकूड शिकारीसाठी कापून टाकले गेले, म्हणून अखंड लाकडाचा मूळ नग मिळाला की त्यांना घबाड मिळाल्यासारखे होते. जुन्या काडतुसांच्या टोपीतला क्षार नळी गंजवतो. तो तेलाने जात नाही, पाण्यात विरघळतो, म्हणून चांदमारीनंतर उकळते पाणी नळीतून ओतायचे, कोरडे करायचे आणि मग तेल द्यायचे, हा शिपायांचा नेम ते आजही पाळतात. ईशापूरच्या रायफली ते पुढच्या लाकडातून आरपार गेलेल्या जादा स्क्रूवरून ओळखतात. स्वातंत्र्यानंतरच्या नगांवर राजमुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह दिसले की त्यांना तो इतिहासाचा सांधा हाती आल्यासारखा वाटतो. तो आपला इतिहास आहे आणि तो परक्यांनी जपावा, याची आम्हाला थोडी खंतही वाटते.

आपल्याकडे .३०३ सामान्य नागरिकाला परवान्यावरही मिळत नाही. लष्करी मापाची बंदूक प्रजेच्या हाती नको, हा इंग्रजांचा नियम. त्यातूनच .३१५ या वेगळ्या मापाची शिकारी रायफल रूढ झाली. सरकारी कारखान्याची जी .३१५ गावोगावच्या परवानाधारकांकडे पीकरक्षणासाठी दिसते तिचा बोल्ट उघडून पाहा. तो लींचाच आहे.

कॅनडाच्या उत्तरेकडील बर्फाळ मुलखात गस्त घालणाऱ्या स्थानिक स्वयंसेवकांच्या दलाने, कॅनेडियन रेंजर्सने, ही रायफल सुमारे सत्तर वर्षे वापरली आणि अगदी अलीकडे, २०१९ च्या सुमारास, ती बदलली. कडाक्याच्या थंडीत ती गोठून बसत नाही आणि अस्वलासमोर दगा देत नाही, एवढेच त्यांना हवे होते. ज्या देशात बारा वर्षांच्या पोराने पहिला दस्ता कोरला, त्याच देशात त्याच्या हातचे काम इतकी वर्षे माणसांच्या रक्षणासाठी उभे राहिले. लींना याहून चांगले स्मारक कोणते हवे होते?

आपल्या भाषेत सुताराच्या पटाशीलाही हत्यार म्हणतात आणि शिपायाच्या बंदुकीलाही. खंडेनवमीला दोन्ही एकाच पाटावर मांडून आपण हळद-कुंकू वाहतो. बाप्पांना निरोप दिला की महिन्याभरात तो दिवस येईलच. बेळगावच्या छावणीत शस्त्रे पुजली जातील, गल्लीतल्या दुकानांत घड्याळजी, गवंडी, लोहार आपापली हत्यारे पुजतील. त्या दिवशी जेम्स पॅरिस ली या घड्याळजीची आठवण आम्ही मनात ठेवणार आहोत. चार वेळा बुडालेल्या माणसाने पाचव्यांदा कमान बसवली, ती चिकाटी घेण्यासारखी आहे. आणि हत्यार कुणाच्या हाती जाते याची काळजी समाजाने वाहायची असते, ही शिकवणही त्याच पाटावरची.